स्केलविकचा काळा बावटा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे सगळेच हसतात. कोणी म्हणते ही चेटकिणीची टोपी, कोणी म्हणते दिव्याचे झाकण. गेल्या आठवड्यात एका चिमुरडीने तर आईला विचारले, "आई, यात कोळसा भरायचे का गं?" आईने माझ्याखालची पाटी वाचली. पण पाटीवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, त्यामुळे तीही गोंधळली. तेव्हा म्हटले, आपली ओळख आता आपणच करून द्यावी.

मी वादळाचा बावटा आहे. माझे वय शंभरीच्या पुढे गेले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्केलविक गावात, वाचनालयाच्या जिन्याखाली, एका खुंटीला मी टांगलेला असतो. बावटा म्हटल्यावर तुम्हांला फडफडणारे कापड आठवेल, पण मी फडफडत नाही. मी तीन फूट उंचीचा, काळा, कापडी शंकू आहे. टोक वर करून मला डोलकाठीवर चढवले की समजायचे, उत्तरेकडून वादळ येते आहे. टोक खाली असले की दक्षिणेकडून. एवढीच माझी भाषा. पण ती बोलायलाही मला दुसऱ्याचे हात लागतात आणि माझे सारे दुःख त्यातूनच आले.

गावात हेस्टर ट्रॅनमर नावाची शिडे शिवणारी बाई होती. तिच्या दुकानात माझा जन्म झाला. तळाला लोखंडी कडे, त्यावर शिडाचे जाड कापड, वरून डांबर आणि काळा रंग. शिवताना ती स्वतःशीच पुटपुटत असे, "टाका सैल नको, हेस्टर. हा उसवला तर कुणाचं तरी घर उसवेल." त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

तिथून माझी रवानगी झाली ती कड्यावरच्या चौकीत. चौकी म्हणजे एक खोली. आत एक शेगडी, भिंतीवर हवेचा दाब सांगणारा पारा आणि बाहेर उंच डोलकाठी. चौकीचा राखणदार एनॉक पॅशबी. पूर्वी तो आरमारात खलाशी होता. डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे तो पाय फेकत चाले. बायको वारलेली, घरात एक मुलगी, लेटी. हवामान कचेरीची तार पोस्टात आली की एनॉक ती घेऊन कडा चढायचा, वहीत वेळ लिहायचा, माझ्या कड्यांत दोरी ओवायचा आणि मला वर ओढायचा. मी वर पोचलो की खालच्या गल्ल्यांमध्ये एकदम शांतता पसरायची. ती शांतता मला फार आवडत असे. आपल्याकडे कोणी तरी पाहते आहे, हे सुख काय असते ते मी पहिल्याच वर्षी अनुभवले.

त्या वर्षी ऑक्टोबरात मला चढवले आणि सहा तासांत असे वादळ आले की धक्क्याचे दगड निखळले. गावातली एकही होडी बाहेर नव्हती. दुसऱ्या दिवशी रूबन मेनप्राइज मुद्दाम कडा चढून चौकीत आला. गावातला सर्वांत जाणता कोळी तो, एनॉकचा लहानपणापासूनचा दोस्त. येताना त्याने धुरावलेला हेरिंग मासा कागदात बांधून आणला होता.

"हा तुला," तो एनॉकला म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा मासे खात असता तर याला दोन आणले असते."

कोळ्यांपेक्षाही माझ्यावर जास्त लक्ष असे ते त्यांच्या बायकांचे. रूबनची बायको डॉर्कस तर सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा सारून आधी डोलकाठी बघायची आणि मगच चहाचे आधण ठेवायची. तिचे घर कड्याच्या पायथ्याशीच होते, त्यामुळे तिथले बोलणे मला स्पष्ट ऐकू येई.

"डॉर्कस, माझे बूट कुठायत?"

"वर काय टांगलंय ते बघितलंस का?"

"अगं, टोपी आहे ती नुसती. आभाळ बघ की, कसं निवळ आहे."

"आभाळाशी मी लग्न नाही केलं. बूट उद्या मिळतील."

सारी आळी हसायची. रूबनही हसायचा आणि दिवसभर अंगणात जाळी विणत बसायचा.

अशी बरीच वर्षे गेली. मग तो वाईट हिवाळा आला.

थंडी कडाक्याची होती आणि मासे किनाऱ्यापासून दूर गेले होते. होड्यांना लांबवर जाऊन गळ टाकावे लागत. फेब्रुवारीत तीन आठवड्यांत तीन तारा आल्या. तिन्ही वेळा एनॉकने मला चढवले, तिन्ही वेळा होड्या वाळूवर बसून राहिल्या आणि तिन्ही वेळा वारा पान हलवण्याइतकासुद्धा आला नाही. मुलांना सकाळ-संध्याकाळ ओटची पातळ पेज मिळू लागली. लोकांचे बोलणे बदलले.

"एनॉक, रविवारी प्रार्थनेला ती टोपी घालूनच ये. निदान डोकं तरी गरम राहील!"

"तारवाल्या, तुझा पगार चालू आहे ना? मग तुला काय!"

खरे म्हणजे ती वादळे आली होती. साठ मैल उत्तरेला दोन जहाजे खडकावर फुटली होती. आगगाडीने चार दिवसांनी आलेल्या वर्तमानपत्रात एनॉकने ते वाचले आणि धक्क्यावर जाऊन सगळ्यांना सांगितले. त्यावर कोणी तरी म्हणाले, "साठ मैलांवरचं वादळ साठ मैलांवरच्यांना सांग." प्रार्थनामंदिरात त्याच्या बाकावर शेजारी कोणी बसेनासे झाले. तो चौकीत येऊन माझ्याकडे नुसता बघत बसे. माझ्यावरचाही त्याचा विश्वास उडत चालला आहे, हे मला जाणवत होते. पण मी काय करणार? वादळ आणणे माझ्या हातात नव्हते आणि वादळ न आल्याचा आनंद कोणालाच होत नव्हता.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता चौथी तार आली. एनॉकने ती वाचली, वहीत वेळ लिहिली आणि मला खाली काढून दोरी ओवायला घेतली. तेवढ्यात दार ढकलून रूबन आत आला. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ सायलस होता. तो उंबऱ्यातच थांबला.

"काय म्हणते तार?" रूबनने विचारले.

"ईशान्येचं. दुपारपर्यंत."

"आणि मागच्या तीन तारा काय म्हणत होत्या?"

एनॉक दोरी ओवत राहिला.

"हे बघ," रूबन शेगडीजवळ बसत म्हणाला, "खोटं बोल असं मी सांगत नाही. तासाभरानं चढव, एवढंच. नऊला भरती भरते. साडेनऊला आम्ही भूशिराच्या पलीकडे असू. मग चढव की खुशाल!"

"आणि वारा आला तर?"

"तर मला डोळे आहेत. चाळीस वर्षं समुद्रावर काढलीत मी, त्या कचेरीतल्या कारकुनानं नव्हे. परवा टाकलेले गळ तिथं बाहेर पडून आहेत. आज काढले नाहीत तर सगळे सडतील. पण डॉर्कसनं हा वर पाहिला तर ती मला उंबरा ओलांडू देणार नाही. तुला माहीतच आहे."

"रूबन, माझं कामच हे आहे रे."

"तुझं काम तू करच. तासाभरानं कर. तुझ्यापुढं आजवर कधी हात पसरलाय का मी?"

एनॉक उठून भिंतीवरच्या पाऱ्यापाशी गेला. त्याने काचेवर बोटाने टिचकी मारली. पारा थोडा उतरला होता. ज्याला पाहायचे नाही त्याला दिसू नये, इतका थोडा. एनॉक बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मग दोरी माझ्या कड्यांतून काढून त्याने ती खिळ्याला अडकवली आणि मला जमिनीवर ठेवले.

मित्रांनो, मी त्या फरशीवर पडून होतो. माझे टोक दाराकडे होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. खाली पडदा सरकल्याचा आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग आधण ठेवल्याचा आवाज आला. आणि मग डॉर्कसचे शब्द, अगदी मोकळे, "हे घे बूट. आणि पावाला चरबी लावलीय, ती गार व्हायच्या आत खा."

पाच होड्या बाहेर पडल्या. रूबनच्या होडीवरचा तिसरा गडी तापाने पडला होता, म्हणून ते दोघे भाऊच निघाले होते. साडेनऊला एनॉकने मला हातात घेतले. गाठ तिसऱ्या प्रयत्नात बसली. मी वर गेलो. दूर पाण्यावर पाच शिडे दिसत होती. माझ्यावर नजर जाताच एक वळले, मग दुसरे, मग आणखी दोन. पाचवे वळले नाही. रूबनचे गळ सगळ्यांत लांब होते आणि मी वर येणार हे त्याला आधीच ठाऊक होते.

अकरा वाजता क्षितिजावर शिशाच्या रंगाची पट्टी उमटली. बारा वाजता वारा आला. तो वाढत वाढत आला नाही. दार लाथेने उघडावे तसा आला. डोलकाठी कण्हू लागली आणि मी तिच्यावर आपटू लागलो. आमच्या बंदराचे तोंड ईशान्येलाच आहे. तिकडचा वारा सुटला की तोंडापाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटतात आणि आत येणाऱ्याला तिथूनच यावे लागते. चार होड्या त्याआधी आत पोचल्या होत्या. एकच्या सुमाराला रूबनची होडी दिसली. सारे गाव धक्क्यावर उभे होते. डॉर्कस सगळ्यांच्या पुढे होती, डोक्याला काही न बांधता.

होडी धक्क्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर आली आणि उलटली.

एनॉक दोर खांद्यावर टाकून धक्क्याच्या टोकापर्यंत गेला. तो न वाकणारा पाय घेऊन कसा गेला कोणास ठाऊक. दोनदा लाट त्याच्या अंगावरून गेली. तिसऱ्या फेकीला दोर सायलसच्या हातात सापडला आणि लोकांनी त्याला ओढून घेतले. त्याचा पाय दगडांत मोडला होता. रूबन दिसला नाही. तो तीन दिवसांनी दक्षिणेच्या वाळूवर सापडला.

मी हे सगळे वरून पाहिले. टोक वर करून मी जागेवरच होतो, सकाळी आठपासून जिथे असायला हवे होते तिथे.

आठवड्याने सराईच्या माडीवर चौकशी झाली. पुरावा म्हणून मला आणि वहीला टेबलावर ठेवले होते.

"तार किती वाजता मिळाली?" शहरातून आलेल्या अधिकाऱ्याने विचारले.

"आठ वाजता, साहेब."

"आणि बावटा चढला साडेनऊला. मधे दीड तास काय केलंत?"

"काही नाही."

"कोणी तुम्हाला थांबवलं होतं?"

सायलस कोपऱ्यात बसला होता, मोडलेला पाय स्टुलावर ठेवून. त्याने मान खाली घातली. एनॉकने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"नाही, साहेब. तीन तारा फुकट गेल्या होत्या. माझाच विश्वास उरला नव्हता."

डॉर्कस उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मी डोलकाठी बघितली होती, एनॉक. बघितल्याशिवाय मी त्याला बूट दिले नव्हते."

एनॉकची नोकरी गेली. त्याच्या दारावर कोणी तरी चिखल फासला. लेटी गल्लीतून आली की बायका तोंड फिरवून बाजूला होत. दोन महिने चौकी ओस होती. ती जागा घ्यायला गावात कोणी तयार होईना. शेवटी डॉर्कसनेच बंदर समितीकडे अर्ज दिला. समितीचे अध्यक्ष चौकी दाखवायला तिला घेऊन आले आणि घसा खाकरून म्हणाले, "डॉर्कसबाई, हे काही बायकांचं काम नव्हे."

"वर बघतात त्या बायकाच," डॉर्कस म्हणाली. "मग चढवायला का नको?"

तिने मला पहिल्यांदा ओढले तेव्हा तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले. पुढे तिने हातांना कापड गुंडाळायला सुरुवात केली. तार हातात पडली की एक क्षणही ती थांबत नसे. कोळी कुरकुरत, पण तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी सायलस काठी टेकत चौकीत आला. बसला, उठला, पुन्हा बसला. मग एका दमात सगळे सांगून टाकले. चौकीत कोण आले होते, काय मागितले, कोणी मागितले. "मी तिथंच उभा होतो, वहिनी. चौकशीत बोललो नाही. आधी भावाची लाज वाटली, मग माझी स्वतःची."

डॉर्कस पाऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू जा आता."

दुसऱ्या दिवशी तिने लेटीबरोबर निरोप धाडून एनॉकला बोलावले. वर्षभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. तो दाराबाहेरच थांबला.

"रूबननं तुला थांबायला सांगितलं होतं."

एनॉकने मान डोलावली.

"चौकशीत का नाही बोललास?"

"मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, डॉर्कस. आणि दोरी माझ्या हातात होती, त्याच्या नव्हे."

"तू त्याला नाही म्हणायला हवं होतंस. मी तीस वर्षं म्हणत आले होते की! एकदा तू म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तो माझा दोस्त होता."

"माझा नवरा होता," डॉर्कस म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. मग तिने डोळे पुसले. "मी तुला माफ केलं असं म्हणायला बोलावलं नाही. ते मला जमेल की नाही, ठाऊक नाही. पण पोस्टात जाऊन यायला माझा अर्धा तास मोडतो आणि तेवढ्यात होडी निघून जाते. उद्यापासून तारा तू आणायच्या. चढवायचं काम माझं."

त्या दिवसापासून एनॉक तारा आणू लागला. पाय फेकत कडा चढायचा, दारातून कागद द्यायचा आणि परत फिरायचा. अकरा वर्षे त्याने दोरीला हात लावला नाही. डॉर्कसने त्याला कधी आत बोलावले नाही. मात्र पुढे पुढे ती दारात चहाचा पेला ठेवू लागली. तो उभ्यानेच पिऊन जाई.

बाराव्या हिवाळ्यात डॉर्कसला न्यूमोनिया झाला. ती अंथरुणाला खिळली आणि त्याच आठवड्यात तार आली. ईशान्येचे वादळ. एनॉक कडा चढून आला. चौकीचे दार त्याला स्वतःच उघडावे लागले. आत येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, टोपी काढून, प्रार्थनामंदिरात उभे राहावे तसा.

बाहेर सहा-सात तरुण कोळी जमले होते. ऊन लखलखीत होते आणि समुद्र सपाट.

"एनॉककाका, आभाळ तरी बघा!"

"डॉर्कसकाकू आजारी आहे. आज कोण विचारतंय? दोन तासांनी चढवा."

एनॉकने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने दोरी ओवली. या वेळी गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. मी वर चढत असताना खालून कोणी तरी शिवी हासडली. दुसरा ओरडला, "आज वारा आला नाही तर तुझी ती टोपी जाळून टाकू!"

वारा आला नाही. दिवसभर आला नाही. समुद्र तळ्यासारखा पडून राहिला आणि होड्या वाळूवर पडून राहिल्या. लोक एनॉकच्या दारावरून जाताना थुंकले.

संध्याकाळी तो डॉर्कसच्या घरी गेला. रूबन गेल्यापासून त्याने त्या घरात पाऊल ठेवले नव्हते. आजारी डॉर्कसजवळ लेटी बसत असे; तिथे काय झाले ते तीच पुढे चौकीत सांगे. डॉर्कसनंतर चौकी तिनेच सांभाळली. डॉर्कस उशीला टेकून बसली होती. तिने धाप सावरत विचारले, "चढवलास?"

"तार हातात पडली तसा."

"मग? आलं का वादळ?"

"नाही. काहीच आलं नाही. सगळे शिव्या देतायत."

डॉर्कसने डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली. मग तिने लेटीला खूण केली, "त्याला बसायला खुर्ची दे."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. मग रेडिओ आला आणि कोळी घरबसल्या वाऱ्याची बातमी ऐकू लागले. डोलकाठी कुजली, चौकी पाडली गेली आणि मी या जिन्याखाली आलो. माझे कापड आता विरले आहे, उंदरांनी एक कड कुरतडली आहे. जमले तर ती शिवून घ्या, पाटीवरची अक्षरे नव्याने लिहा. पण तेवढ्याने माझे मन शांत होणार नाही. मला राहून राहून वाटते की तुमच्याही गावात कोणी तरी, कुठे तरी, तुम्हांला वेळेवर सावध करत असेल. दहादा त्याचे भाकीत चुकेल आणि तुमचा दिवस फुकट जाईल. अशा वेळी त्याला हसू नका, त्याला गप्प बसायला सांगू नका आणि एका तासाची सवलत तर मुळीच मागू नका. वादळ आले नाही तर घरी जा, दार लावा, आपली माणसे मोजा आणि एवढेच म्हणा, "बरं झालं."